आवाज स्वच्छ, तरी लाइन का तुटते?

भोसरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये पंचवीसेक वर्षांपूर्वी हा प्रसंग नेहमीचा होता. इंटरनेट लागत नाही म्हणून तक्रार जाई. लाइनमन येई, कमरेचा टेस्ट फोन जोडून एक्सचेंजशी बोले आणि म्हणे, "साहेब, आवाज एकदम क्लिअर आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्येच फॉल्ट असणार." मग कॉम्प्युटरवाला येई, मोडेम काढून दुकानात नेई, तिथल्या फोनवर लावून बघे. तिथे तो पहिल्या फटक्यात लागे. "मोडेम ओके आहे, लाइन बघा."

दोघंही खरं बोलत असत. बोलायला चांगली असलेली लाइन आकडे पाठवायलाही चांगली असेलच असं नाही, आणि एका लाइनवर सुरळीत चालणारा मोडेम दुसऱ्या लाइनवर रुसू शकतो. आजही काही वर्कशॉपच्या कोपऱ्यात विंडोज ९८ चा संगणक धूळ खात पडलेला असतो. कधी जुन्या मशीनचे प्रोग्रॅम त्यात अडकलेले असतात, कधी कुणाला निव्वळ हौस असते. त्याचा मोडेम का लागत नाही हे शोधायचं तर आधी तो लागतो कसा, हे कळायला हवं. कारण आपण कुठे अडलो, हे मोडेम स्वतःच सांगत असतो.

कान सोडून देतो, मोडेम सोडत नाही

समजा, चिंचवडच्या ऑफिसातून कुणी चाकणच्या शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरला फोनवर ड्रॉइंगची मापं सांगतंय. "गाडी निघाली का, माल उतरला का" अशा बोलण्यात मागे प्रेस धडधडत असली तरी अडत नाही. एखादा शब्द गेला तरी अर्थ लागतो. पण "बोअर सत्तेचाळीस" म्हणताना मध्येच ठक्क झालं, तर सत्तेचाळीस होतं की सत्तावन्न, हे अंदाजाने भरून काढता येत नाही. पुन्हा विचारावंच लागतं. गोंगाट वाढला की सांगणारा सावकाश बोलतो, "वाचून दाखव" म्हणतो. फारच झालं तर फोन ठेवतो. मोडेम नेमकं हेच करतो, फक्त सेकंदाला हजारो आकड्यांच्या वेगाने.

टेलिफोनची यंत्रणा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं असलेले आवाज वाहून नेण्यासाठी बांधलेली आहे. माणसाचं बोलणं ओळखू यायला तेवढं पुरतं. संगणकाचे शून्य आणि एक या अरुंद पट्ट्यातून न्यायचे तर त्यांचा आवाज करावा लागतो. मोडेम एक सूर धरतो आणि त्याचा जोर व त्याच्या लाटेची वेळ सतत बदलत राहतो. 'व्ही.३४' या प्रमाणाच्या मोडेममध्ये असे बदल सेकंदाला ३,४२९ पर्यंत होतात आणि प्रत्येक बदलात जवळपास १० बिट भरलेले असतात. त्यातूनच ३३,६०० बिट प्रतिसेकंद हा वेग मिळतो. आता लाइनीत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी 'कट्' झाली, तर कान ती विसरूनही जातो, पण मोडेमचे ३,३६० बिट वाहून गेलेले असतात.

गेलेले बिट तो परत मागवतो. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळणीचा आकडा येतो. हिशेब जुळला नाही की गठ्ठा पुन्हा पाठवला जातो. म्हणून खराब लाइनवर आधी चुका दिसत नाहीत, नुसता संथपणा दिसतो. पान उघडता उघडत नाही, मग मध्येच काही सेकंद सगळं थिजतं, आणि मग लाइन तुटते. तुटणं ही आजाराची शेवटची पायरी असते.

ती किरकिर काय सांगते

मोडेमचा स्पीकर बंद करून ठेवण्याची फार जणांना सवय होती. ऑफिसात त्रास होतो म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण बिघाड शोधायचा असेल तर तो आवाज पहिल्यांदा चालू करा. त्या अर्ध्या मिनिटाच्या किंचाळण्यात सगळा पंचनामा असतो.

आधी 'टिक' होतं. मोडेमने रिसीव्हर उचलल्यासारखी लाइन जोडून घेतली. रिकाम्या लाइनवर एक्सचेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब येत असतो. लाइन जोडली की तारेतून प्रवाह वाहू लागतो, दाब दहा-बारा व्होल्टच्याही खाली येतो आणि तो प्रवाह बघून एक्सचेंज डायल टोन देतं. इथेच आपल्याकडची पहिली खास अडचण येते. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा असतो. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा मिळून होतो. अमेरिकेसाठी जुळवलेल्या मोडेमला आपला टोन ओळखूच येत नसे. तुम्हाला टोन स्वच्छ ऐकू येतोय आणि पडद्यावर मात्र 'डायल टोन नाही', असा प्रकार. उपाय एका खुणेचा: विंडोजमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली 'टोनची वाट पाहा' ही खूण काढून टाकायची, किंवा जादा सेटिंगच्या रकान्यात 'एक्स ३' ही आज्ञा लिहायची. मग मोडेम टोनची पर्वा न करता थेट नंबर फिरवतो.

मग नंबर लागतो. टोन पद्धतीत प्रत्येक बटणाचे दोन सूर एकदम वाजतात. ५ दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. फार जुन्या एक्सचेंजला ही भाषा कळत नसे, तिथे खटखट करणारी पल्स पद्धत निवडावी लागे. नंबर फिरूनही टोन चालूच राहिला, तर ही निवड तपासा.

पलीकडून उत्तर येतं ते २१०० हर्ट्झच्या एका लांब सुराने. नीट ऐकलं तर दर अर्ध्या सेकंदाच्या आसपास त्याला बारीक झटका बसतो. हा झटका मधल्या यंत्रणेसाठी असतो. लांबच्या लाइनींवर माणसाला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून उपकरणं बसवलेली असतात. दोन मोडेम एकाच वेळी बोलतात, त्यामुळे ही उपकरणं त्यांच्या वाटेत येतात. तो सूर म्हणजे त्यांना दिलेला 'बाजूला व्हा' असा निरोप. हा सूरच आला नाही, नुसती रिंग वाजत राहिली, तर दोष तुमच्या लाइनीत नाही. पलीकडे कुणी उचलत नाही, किंवा नंबर चुकलाय.

पुढची गुरगुर म्हणजे दोघं आपापली प्रमाणं सांगतात. त्यानंतर येतो सगळ्यांच्या लक्षात राहिलेला 'टणण्-टणण्' आवाज. त्यात १५० ते ३७५० हर्ट्झपर्यंतचे अनेक सूर एकत्र सोडलेले असतात. पलीकडचा मोडेम प्रत्येक सूर किती क्षीण होऊन पोहोचला आणि त्यात किती खरखर मिसळली हे मोजतो, आणि त्यावरून किती वेगाने बोलायचं ते ठरतं. शेवटचा लांब 'श्श्श' म्हणजे प्रतिध्वनी वजा करण्याचा सराव. मग स्पीकर बंद होतो. शांतता झाली की जोडणी झाली, आता फक्त नाव आणि पासवर्ड उरले.

टणण् आवाज दोन-तीनदा पुन्हा पुन्हा होऊन लाइन सुटत असेल, तर लाइनीत खरखर आहे. शांतता होऊन मग नकार येत असेल, तर लाइनला हात लावू नका. तिची काहीच चूक नाही.

चौकट: पडद्यावरचा आकडा आणि बघायची जागा

६३३: पोर्ट दुसरा कुणी वापरतंय किंवा नीट बसवलेलं नाही. संगणकात बघा.
६८०: डायल टोन नाही. वायर, भिंतीवरची रोझेट, 'एक्स ३'.
६७६: समोरचा नंबर बिझी. थांबा, पुन्हा लावा.
६७८: पलीकडून उत्तर नाही. नंबर तपासा, किरकिर ऐका.
६९१: नाव किंवा पासवर्ड चूक. कॅप्स लॉक बघा.

चाकणचं शून्य

विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते चार महानगरांत. पुण्याचा नंबर त्यानंतर लवकरच लागला. त्याच व्हीएसएनएलकडे पुढे चाकण ओलांडून नाशिक रस्त्यावर, नारायणगावजवळच्या आर्वीला, १९७१ पासूनचं उपग्रह भूकेंद्र होतं. उपग्रहाशी बोलणारी मोठी थाळी शेजारी आणि चाकणच्या कारखानदाराचा ईमेल मात्र शेवटच्या दोन-चार किलोमीटरच्या तारेत अडकलेला, अशी ती परिस्थिती.

तारेशिवाय आणखी एक गोची होती. पिंपरी-चिंचवड पुण्याच्या ०२० या एसटीडी कोडमध्ये येतं, चाकण मात्र राजगुरुनगरबरोबर ०२१३५ मध्ये. विंडोजला 'मी कुठून फोन करतोय' हे सांगून ठेवावं लागतं. पिंपरीच्या ऑफिसातला संगणक उचलून चाकणच्या नव्या शेडमध्ये नेला आणि ही नोंद तशीच राहिली, तर विंडोज पुण्याचा नंबर स्थानिक समजून कोड न लावता फिरवी. उलट दिशेने आणला तर नको तिथे शून्य लावून एसटीडी करायला बघे. लाइनीला एसटीडी लॉक असला की तिथेच खेळ संपला. इंटरनेटसाठी राखलेले १७२ ने सुरू होणारे नंबरही या नियमांत सापडून वाया जात. शिवाय मध्यंतरी पुणे-पिंपरीच्या नंबरांच्या सुरुवातीला २ लागला, ७४७ चं २७४७ झालं. जुन्या फोनबुकातला नंबर तसाच असेल तर मोडेम बिचारा इमानेइतबारे चुकीच्या ठिकाणी फोन करत राहतो. म्हणून डायलिंगच्या नोंदीतून कोड लावण्याचा पर्याय काढून टाकावा आणि पूर्ण नंबर हाताने लिहावा. ईपीएबीएक्सवरून, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत एक्सचेंजवरून, बाहेर जायचं असेल तर आधी शून्य, मग स्वल्पविराम. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब.

वेल्डिंगचा आवाज तारेत शिरतो कसा

फोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. शेजारी वेल्डिंग चालू असेल, इंडक्शन भट्टी असेल किंवा मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह असतील, तर त्यांचा विद्युत गोंगाट तारांत शिरतोच. पण पिळामुळे तो दोन्ही तारांत सारखाच शिरतो. एक्सचेंज आणि मोडेम दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतात, त्यामुळे सारखा शिरलेला गोंगाट आपोआप वजा होतो. इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती फार थोडी असेल.

ती फसते कधी? दोहोंपैकी एकाच तारेचा सांधा गंजला किंवा एकाच तारेच्या आवरणात पाणी शिरलं, की तोल जातो. आता दोन्हीकडचा गोंगाट सारखा उरत नाही आणि तो फरक म्हणून ऐकू येऊ लागतो. म्हणजे औद्योगिक पट्ट्यातली खरखर बाहेरून येत असली तरी तिला दार उघडून देणारा दोष तारेतच असतो. वेल्डिंग बंद करायला सांगून उपयोग नाही, सांधा दुरुस्त करावा लागतो.

हा दोष ओळखायची एक स्थानिक खूण आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पूर्वापार गुरुवारी. गुरुवारी लाइन तासभर टिकते आणि शुक्रवारी सकाळची शिफ्ट सुरू झाली की पाच मिनिटांत सुटते, असं असेल तर मोडेम बदलण्यात पैसे घालू नका. दुसरी खूण पावसाची. जेलीभरल्या केबलमध्ये पाणी सहसा जात नाही, पण सांध्यांत आणि डीपीच्या, म्हणजे घरोघरी तारा वाटणाऱ्या, डब्यात जातं. पहिल्या पावसानंतर बिघडलेली लाइन बहुधा तिथेच बिघडलेली असते. तिसरी खूण लाइनमन लोकांना चांगली ठाऊक असते: खरखरणारी लाइन एकदा रिंग वाजून गेली की थोडा वेळ सुधारते. रिंगचा दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो, गंजाचा पातळ थर त्याने तात्पुरता फुटतो आणि पुन्हा जमतो.

तपासणी घरच्या घरी होते. साधा फोन जोडून एक आकडा दाबा. टोन थांबेल. आता पुढे काही न दाबता रिसीव्हर कानाला लावा. 'हूं' असा घरघराट येत असेल तर तोल गेलेला आहे, 'चर्र चर्र' असेल तर सांधा सैल आहे. मग इमारतीत वायर जिथून आत येते तिथे बाकी सगळं सोडवून हाच प्रयोग करा. तिथे शांत असेल तर दोष तुमच्याच भिंतीत आहे. रोझेटचे स्क्रू, उंदराने कुरतडलेली वायर, आणि सगळ्यात जास्त वेळा दुसऱ्या खोलीतला पॅरलल फोन. तो कुणी उचलला की संपलं. कॉल वेटिंगची 'पिप्'ही तेवढीच घातक, ती बंद करून घ्यावी.

चाकणच्या आसपास म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे अशा गावांत पसरलेल्या शेडना अंतराचाही जाच होता. तार जितकी लांब तितके वरचे सूर जास्त क्षीण होतात. बोलण्यात त्याने आवाज थोडा दबका वाटतो, मोडेमची मात्र अर्धी जागाच जाते.

संगणकाच्या आत

लाइन आणि मोडेम यांचं भांडण सोडवण्याआधी मोडेम आणि संगणक बोलताहेत ना, ते बघा. हायपरटर्मिनल उघडून इंग्रजी ए आणि टी ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं तर या बाजूला ठीक आहे. हेज कंपनीने १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये आणलेली ही आज्ञावली पुढे जवळजवळ सगळ्यांनी उचलली.

'ओके' आलं नाही तर बहुतेक वेळा पोर्टची भानगड असते. जुन्या संगणकात कॉम १ आणि कॉम ३ एकाच आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच घंटीवर असतात. कॉम २ आणि कॉम ४ चंही तसंच. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला की माउस हलवताच जोडणी तुटते. हा दोष भुताटकीसारखा वाटतो, पण मोडेम कॉम २ वर नेला की जातो. आत बसवायचे स्वस्त 'विनमोडेम' आणखी वेगळे. आवाजाचं सगळं गणित ते संगणकाच्या प्रोसेसरवर टाकतात. प्रोसेसर दुबळा असेल आणि त्याच वेळी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालू असेल, तर लाइन निर्दोष असूनही सुटते. त्यापेक्षा बाहेर ठेवायचा, दिवे असलेला मोडेम कधीही बरा. निदान त्याचे दिवे बघून काय चाललंय ते कळतं.

आणि विंडोज '१,१५,२०० वेगाने जोडलं' म्हणालं तर हुरळून जाऊ नका. तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग. तारेवरचा वेग वेगळा.

वेग बांधून टाका

'५६ के' लिहिलेल्या मोडेमला ५६ का मिळत नाही? आपला आवाज एक्सचेंजमध्ये पोहोचला की सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मापाचा ८ बिटांचा आकडा होतो. मोजताना थोडी गोळाबेरीज होते, आणि ती गोळाबेरीजसुद्धा मोडेमला खरखरच वाटते. या खरखरीमुळे साध्या लाइनवर मजल ३३-३४ हजारांपाशी थांबते. १९९८ च्या 'व्ही.९०' या प्रमाणाने येणाऱ्या बाजूला ही अडचण टाळली, पण अट एकच: सेवा देणाऱ्याकडून तुमच्या एक्सचेंजपर्यंतचा सगळा प्रवास आकड्यांतूनच व्हायला हवा. मध्ये कुठेही आवाज करून पुन्हा आकडे केले की ५६ विसरायचं.

खराब लाइनवर मात्र माझा सल्ला तोच आहे, जो लोकांना पटत नसे: वेग कमी करा. १.४४ एमबीची एक फ्लॉपी भरेल एवढं ड्रॉइंग ३३,६०० वेगाने सुमारे ६ मिनिटांत जातं, २६,४०० ने साडेसात मिनिटांत. दीड मिनिटाचा प्रश्न. पण पाचव्या मिनिटाला लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. मोडेमला कमाल वेग ठरवून देण्याची आज्ञा त्याच्या पुस्तिकेत असते, ती जादा सेटिंगच्या रकान्यात लिहावी. त्याच रकान्यात एस १० ही नोंद वाढवली, तर पलीकडचा आवाज क्षणभर गेला तरी मोडेम लगेच फोन ठेवत नाही. ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजतात आणि अनेक मोडेमवर मुळात १४ असते. ५० करून बघा.

आज लावायचा तर

अशी फोन लावून इंटरनेट देणारी डायल-अप सेवा आता विरळा. अमेरिकेत एओएलनेही ३० सप्टेंबर २०२५ ला ती बंद केली. पण जुना मोडेम तपासायला इंटरनेट लागत नाही. कारखान्यात ईपीएबीएक्स असेल तर दोन संगणक दोन अंतर्गत एक्स्टेन्शनवर जोडा, एकाने नंबर लावा आणि दुसऱ्यावर 'एटीए' टाइप करून उचला. फक्त बॉसच्या टेबलावरच्या बटणांच्या डिजिटल फोनचं सॉकेट वापरू नका, त्यातला दाब मोडेमला मानवत नाही. जिथे फॅक्स चालतो तीच जागा मोडेमची.

फायबरच्या डब्यामागे फोनचं सॉकेट असतं आणि त्यात डायल टोनही येतो, पण पुढे तांबं नाही. तुमचा आवाज पाकिटं करून पाठवला जातो. जी.७२९ सारखी पद्धत बोलणं आठ पट दाबते, आणि दाबताना माणसाच्या गळ्याला शोभेल तेवढंच ठेवते. मोडेमचा सूर त्यात ओळखीचा राहत नाही. सेटिंगमध्ये आवाज न दाबणारी जी.७११ पद्धत निवडता आली, प्रतिध्वनी रोखणारा पर्याय बंद करता आला आणि वेग ९,६०० किंवा १४,४०० ला बांधला, तर जोडणी होऊ शकते. एखादं पाकीट उशिरा आलं की मात्र ती सुटेल, आणि त्यावर रोझेट उघडून काहीही करता येणार नाही.